ज्याची फाईल, त्याच्या हाती

(संस्थेच्या शिक्षक व सेवक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. कार्यालयीन कामाच्या पोर्टलवरून लोकांना फाईल डाऊनलोड करून देण्याची व्यवस्था कशी असावी, हा विषय एखाद्या संगणक अभियंत्याने मांडावयाचा. वर्गात इतिहास-भूगोल शिकविणाऱ्या मास्तराने त्यात कशाला पडावे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर नाही. त्याचे उत्तर मी आधीच देऊन टाकतो. आपल्या संस्थेने सर्व शाखांसाठी स्वतःचे एक पोर्टल तयार करून घेण्याचे ठरविले आहे. प्रवेश, हजेरी, फी, निकाल, शिष्यवृत्ती, पगारपत्रके हे सारे त्यावर येणार आहे. ते तयार करणारा माणूस आपल्याला विचारील, "साहेब, तुम्हांला नेमके काय हवे?" कपडा शिवण्याचे काम शिंप्याचे खरे, पण माप मात्र अंगात घालणाऱ्यानेच द्यावे लागते. आपण माप दिले नाही तर तो अंदाजाने शिवील, आणि मग बाही आखूड झाली म्हणून त्याला बोल लावण्यात अर्थ राहणार नाही. हे माप कसे द्यावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

पोर्टलविषयी बोलताना आपण सगळे माहिती भरण्याबद्दल बोलतो. यु-डायसची माहिती भरली का, शिष्यवृत्तीचे अर्ज भरले का, गुण भरले का? परंतु भरलेली माहिती कामाच्या माणसाच्या हाती परत कशी येते, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. वास्तविक भरण्याचे सारे कष्ट त्या शेवटच्या क्षणासाठी असतात. मंडळाच्या परीक्षेचे प्रवेशपत्र शाळेने डाऊनलोड करावयाचे, छापावयाचे, मुख्याध्यापकांनी सही-शिक्का करून मुलाच्या हाती द्यावयाचे. ते वेळेवर हाती आले तर वर्षभराचा अभ्यास कारणी लागला. विहिरीला पाणी भरपूर आहे, पण पोहरा फुटका असला तर तहान भागत नाही. डाऊनलोड हा आपला पोहरा आहे.

आपल्या जुन्या कचेऱ्यांत ही गोष्ट फार चांगली सांभाळली जात असे. एखादा कागद बाहेर पाठवावयाचा म्हणजे पाच गोष्टी होत. कागदावर विषय लिहिलेला असे. तो योग्य आकाराच्या लिफाफ्यात घातला जाई. लिफाफ्यावर ज्याला द्यावयाचा त्याचे नाव असे. जावक नोंदवहीत क्रमांक व तारीख पडे. आणि हातोहात दिला तर पोच म्हणून सही घेतली जाई. या पाच गोष्टी आपण ध्यानात ठेवल्या तर पोर्टलवरची फाईल कशी द्यावी हे समजण्यास संगणकाची पदवी लागत नाही. मी याच क्रमाने पुढे जातो.

प्रथम नाव. ब्राउझरमधून सर्व्हरकडे आपण मागणी करतो, तेव्हा सर्व्हर नुसती फाईल पाठवीत नाही. तिच्या आधी काही ओळींची एक चिठ्ठी पाठवितो. या चिठ्ठीत वस्तू कोणत्या प्रकारची आहे हे लिहिलेले असते. पीडीएफ आहे, चित्र आहे की तक्ता आहे, हे सांगण्याची पद्धत १९९२ साली नॅथानिएल बोरेनस्टाईन व नेड फ्रीड यांनी ई-मेलसाठी घालून दिली आणि पुढे टिम बर्नर्स-ली यांच्या वेबनेही ती उचलली. त्याच चिठ्ठीत आणखी एक ओळ असते. ही वस्तू पडद्यावर उघडून दाखवावी की जपून ठेवण्यासाठी उतरवून द्यावी, आणि उतरवून दिल्यास तिचे नाव काय ठेवावे, हे त्या ओळीत सांगता येते. वेबवर ती ओळ कशी लिहावी याचे स्वतंत्र मानक २०११ साली प्रसिद्ध झाले आहे.

आता आपल्या कारकुनाच्या संगणकातील डाऊनलोडचे कपाट उघडून पाहा. तेथे 'रिपोर्ट', 'रिपोर्ट एक', 'रिपोर्ट दोन' असे करीत 'रिपोर्ट सतरा'पर्यंत फायली सापडतील. त्यांतली इयत्ता नववीची कोणती आणि दहावीची कोणती, जूनची कोणती आणि मार्चची कोणती, हे प्रत्येक फाईल उघडल्याशिवाय कळत नाही. हा दोष कारकुनाचा नाही. सर्व्हरने पाठविलेल्या चिठ्ठीतच नाव धड लिहिलेले नव्हते. म्हणून पहिले माप असे द्यावे की, प्रत्येक फाईलच्या नावात शाखा, इयत्ता, विषय आणि तारीख आपोआप यावी. तारीखही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहावी, म्हणजे फायली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

नाव मराठीत किंवा उर्दूत असावे काय? असावे, आपल्या भाषेचा तो हक्क आहे. परंतु त्यातील एक अडचण समजून घेतली पाहिजे. युनिकोडची जी पद्धत आज वेबवर सर्वत्र चालते, ती यूटीएफ-८, १९९२ साली केन थॉम्सन व रॉब पाईक यांनी रचली. तिच्यात रोमन अक्षराला १ बाईट लागतो, उर्दूच्या अक्षराला २ आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सारी वेगळी चिन्हे धरली जातात. 'शिष्यवृत्ती' हा एक शब्द लिहिण्यास ११ चिन्हे, म्हणजे ३३ बाईट लागतात. लिनक्सच्या नेहमीच्या व्यवस्थेत फाईलच्या नावाला २५५ बाईटची मर्यादा असते. म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हांत आटोपावे लागते. लांबलचक मराठी नाव मध्येच तुटते ते यामुळे. शिवाय चिठ्ठीतील ओळ नीट लिहिली नाही तर मराठी नावाच्या जागी टक्क्यांच्या चिन्हांची रांग दिसते. २०११ च्या मानकात यावर उपाय आहे. एक नाव साध्या रोमन अक्षरांत आणि दुसरे आपल्या लिपीत, अशी दोन्ही नावे एकाच वेळी पाठविता येतात. नवा ब्राउझर दुसरे घेतो, ज्याला ते समजत नाही तो पहिल्यावर भागवितो. अभियंत्याला एवढेच सांगावे की दोन्ही नावे द्या आणि ती आटोपशीर ठेवा.

दुसरी गोष्ट लिफाफा, म्हणजे फाईलचा प्रकार. येथे एक साधा नियम पुरतो. ज्या कागदात पुढे बदल व्हावयाचा नाही, तो पीडीएफमध्ये द्यावा. ज्याच्यावर पुढे काम करावयाचे आहे, तो तक्त्याच्या रूपात द्यावा. पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणला आणि २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. कोणत्याही यंत्रावर पान जसेच्या तसे दिसावे हा त्याचा हेतू. दाखला, गुणपत्रक, पगारपत्रक यांस तो योग्य. पण साठ मुलांच्या वर्गाची यादी पीडीएफमध्ये दिली तर वर्गशिक्षकाला साठ नावे पुन्हा हाताने लिहून काढावी लागतात आणि साठ ठिकाणी चूक होण्यास वाव मिळतो. 'शेख'चे 'शेक' होते, 'फातिमा'ची 'फातीमा' होते. हाताच्या एका चुकीने दहावीच्या दाखल्यावरचे नाव बदलते आणि मग ते दुरुस्त करून घेण्यासाठी गरीब बापाला मजुरी बुडवून चार हेलपाटे घालावे लागतात. उलट दाखला तक्त्याच्या रूपात दिला तर कोणीही त्यातली जन्मतारीख बदलू शकतो. तेव्हा लिफाफा चुकला की आतला कागदही बिघडतो.

तक्त्यांविषयी अधिक सावधगिरी हवी, कारण तक्ता उघडणारा एक्सेल हा फार उत्साही कारकून आहे. न सांगता तो दुरुस्त्या करतो. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विद्यार्थ्याचा १९ अंकी ओळख क्रमांक असतो. एक्सेल आकड्यातील फक्त पहिले १५ अंक खरे धरतो आणि उरलेल्यांच्या जागी शून्ये घालतो. म्हणजे १९ अंकी क्रमांकाचे शेवटचे ४ अंक नाहीसे झाले. आणि मुलामुलांतला फरक नेमका शेवटच्या अंकांतच असतो! सारा वर्ग एकाच क्रमांकाचा होऊन बसतो. आधारच्या १२ अंकांचे तो दशांश चिन्ह आणि 'ई' घालून भलतेच रूप दाखवितो. सुरुवातीचे शून्य गाळून टाकतो. आणि ३/४/२०१२ ही तारीख एखाद्या संगणकावर ३ एप्रिल वाचली जाते, तर अमेरिकी धर्तीवर लावलेल्या संगणकावर ४ मार्च.

ही केवळ आपल्यासारख्या अडाण्यांची अडचण आहे असे कोणी समजू नये. माणसाच्या शरीरातील जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीला २०२० साली काही जनुकांची नावेच बदलावी लागली, कारण एक्सेल त्या नावांना मार्च व सप्टेंबरच्या तारखा समजत होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये करोनाच्या साथीत याहून गंभीर प्रकार घडला. तेथील सरकारी आरोग्य संस्थेने प्रयोगशाळांचे निकाल जुन्या धर्तीच्या एक्सेल फाईलमध्ये घेतले. त्या फाईलमध्ये ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी गुपचूप गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातील लोकांना सावध करण्यास उशीर झाला. फाईल पोहोचली, पण अपुरी पोहोचली, आणि अपुरी आहे हे कोणाला कळले नाही. न पोहोचण्यापेक्षा हे अधिक वाईट.

यावरून तिसरे माप निघते. ओळख क्रमांक, खाते क्रमांक, दूरध्वनी हे आकडे नसून अक्षरे आहेत, असे फाईलमध्येच नोंदवून द्यावे. तारखेतला महिना अक्षरांनी लिहावा. सीएसव्ही नावाची साधी फाईल द्यावयाची असेल तर तिच्या अगदी आरंभी यूटीएफ-८ची ३ बाईटची खूण घालावी, म्हणजे एक्सेलमध्ये मराठी अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा उमटणार नाहीत. आणि प्रत्येक यादीच्या शेवटी 'एकूण नावे इतकी' अशी ओळ असावी, व पोर्टलच्या पडद्यावरही तोच आकडा दिसावा. आपल्या जुन्या हजेरीपटावर पटसंख्या लिहीत असत, त्यामागे हाच शहाणपणा होता.

आता वेळेचा प्रश्न. सर्व शाखांच्या वर्षभराच्या फीचा तक्ता मागितला तर तो तयार करण्यास सर्व्हरला काही मिनिटे लागतात. पण मधल्या यंत्रणांना इतका धीर नसतो. एनजिन्क्स नावाचा जो सर्व्हर पुष्कळ ठिकाणी वापरतात, तो मागच्या यंत्राच्या उत्तराची नेहमीच्या मांडणीत ६० सेकंद वाट पाहतो व मग संबंध तोडतो. इकडे आपला कारकून समजतो की बटण नीट दाबले गेले नाही. तो पुन्हा दाबतो. पुन्हा दाबतो. तेच काम तीन वेळा सुरू होते, सर्व्हर दमतो आणि इतर शाखांचेही काम अडते. यावर उपाय आपल्या रेशन दुकानातल्या टोकनासारखा आहे. मागणी येताच पोर्टलने तिचा क्रमांक द्यावा, 'आपला तक्ता तयार होत आहे' असे मराठीत स्वच्छ सांगावे, आणि माणसाला दुसऱ्या कामाला मोकळे करावे. तक्ता तयार झाला की 'माझ्या फायली' अशा पानावर तो तारखेसह दिसावा. काही कारणाने तयार झाला नाही, तर तेही सांगावे. गप्प बसणारे यंत्र माणसाचा विश्वास घालविते.

आपल्या ग्रामीण शाखांत नेटवर्क जाते-येते. ९० टक्के उतरलेली फाईल तुटली की पुन्हा पहिल्यापासून आरंभ, असा छळ पुष्कळांनी सोसला आहे. तुटलेल्या ठिकाणापासून पुढचा भाग तेवढा मागण्याची सोय १९९७ पासून वेबच्या नियमांत लिहिलेली आहे. ती पोर्टलने चालू ठेवली पाहिजे आणि फाईलचा एकूण आकार आधी कळविला पाहिजे. पालक फाईल बहुधा मोबाईलवर उघडतात, हेही विसरू नये. एका पानाच्या दाखल्याची फाईल शिक्क्याच्या मोठ्या चित्रामुळे २० एमबीची होत असेल तर त्या चित्राला कात्री लावावी.

मित्रहो, येथपर्यंत सोयीची गोष्ट झाली. आता मी जे बोलणार आहे ते सोयीपेक्षा मोठे आहे. लिफाफ्यावरचे नाव, म्हणजे फाईल कोणाची आणि कोणाच्या हाती द्यावयाची, हा तो प्रश्न आहे.

पुष्कळ पोर्टलांवर फाईलच्या पत्त्याच्या शेवटी एक क्रमांक असतो. माझ्या गुणपत्रकाचा क्रमांक १०५ असेल, तर तेथे १०६ लिहिले की शेजाऱ्याचे गुणपत्रक उघडते. दारावर कुलूप दिसते, पण खिडकी सताड उघडी असते. अमेरिकेतील फर्स्ट अमेरिकन या मालमत्तेच्या विम्याच्या मोठ्या कंपनीत अगदी हेच घडले. २०१९ च्या मे महिन्यात पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी उघडकीस आणले की, पत्त्यातील आकडा बदलून सुमारे ८८ कोटी ५० लाख कागदपत्रे कोणालाही पाहता येत होती. त्यांत लोकांचे बँक खाते क्रमांक आणि कर्जाचे कागद होते. कोणी चोराने कुलूप फोडले नव्हते. फाईल मागणारा माणूस त्या फाईलचा हक्कदार आहे काय, हे विचारण्याचे राहून गेले होते.

म्हणून चौथे माप सर्वांत महत्त्वाचे. पोर्टलमध्ये प्रवेश करताना एकदा ओळख विचारली एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक फाईल देताना, त्या क्षणी, या माणसाला ही फाईल पाहण्याचा अधिकार आहे काय, हे तपासले गेले पाहिजे. बाहेरच्या माणसाला लिंक पाठवावी लागली तर ती मुदतीची असावी. अॅमेझॉनच्या साठवणीच्या सेवेत अशी सही केलेली लिंक काढता येते आणि तिची कमाल मुदत ७ दिवसांची आहे. दाखल्यासाठी एक दिवसही पुरे. आणि कोणी, केव्हा, कोणती फाईल उतरविली, याची नोंद पोर्टलने आपोआप ठेवावी. हीच आपली जावक नोंदवही आणि हीच पोच.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? यादी वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली की दोन मिनिटांत सर्वांना मिळते. हे मी अनेकदा ऐकले आहे, आणि घाईच्या दिवसांत ते पटण्यासारखेही वाटते. त्याला उत्तर म्हणून माझ्या पाहण्यातील एक प्रकार सांगतो. गावाचे व शाळेचे नाव घेत नाही. तेथे जकातीच्या निधीतून काही मुलांची फी भरली जात असे. पाठ्यपुस्तके वाटण्यासाठी मुलांच्या नावांची यादी हवी होती. पोर्टलवर एकच बटण होते आणि त्यातून एकच फाईल निघत होती. तिच्यात नावे तर होतीच, पण बापाचा धंदा, घरचे उत्पन्न, बँकेचा खाते क्रमांक आणि फी कोणत्या निधीतून भरली हा रकानाही होता. ती फाईल सोयीसाठी गटावर टाकली गेली. संध्याकाळपर्यंत ती मोहल्ल्यातल्या घराघरांत पोहोचली.

दुसऱ्या दिवसापासून आठवीतला एक हुशार मुलगा शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागला. आठवड्याने त्याचा बाप शाळेत आला. बाजारात हमाली करणारा तो माणूस हात जोडून म्हणाला, "सर, मदत घेतली ती अल्लाच्या नावावर घेतली, गावाच्या साक्षीने नाही. आमचं नाव काढून टाका. फी मी कशीही भरीन." यादीतून नाव काढण्यात आले. पण शंभर मोबाईलमधून ते कोण काढणार? सुटलेला बाण आणि बोललेला शब्द यांच्या पंक्तीला आता पाठविलेली फाईल बसविली पाहिजे.

येथे चूक कोणा एका माणसाची म्हणून मी सांगत नाही. ज्याने बटण घडविले त्याला कोणी माप दिले नव्हते. पुस्तके वाटणाऱ्याला नाव आणि इयत्ता एवढे दोनच रकाने पुरत होते. तेवढेच देणारे बटण असते तर त्या मुलाचा बाक बदलला नसता. म्हणून पाचवे माप: ज्या कामासाठी फाईल हवी, त्या कामापुरतेच रकाने द्यावेत. 'सर्व माहिती' असे बटणच नसावे. असलेच तर ते मुख्याध्यापकांपुरते असावे व त्याची कारणासह नोंद व्हावी.

आपल्या संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि बालकाच्या माहितीबाबत पालकाच्या संमतीची अट घातली आहे. शाळेतील जवळजवळ सारी माहिती बालकांचीच असते. परंतु कायद्याच्या आधीपासून आपल्यापाशी एक शब्द आहे, तो म्हणजे अमानत. आपले पैगंबर (स.) यांना मक्केचे लोक 'अल-अमीन' म्हणत, ते नबुवत मिळण्यापूर्वीपासून. इसवी सन ६२२ मध्ये मक्का सोडण्याची वेळ आली तेव्हा जिवावर उठलेल्या शहरातील लोकांच्याच ठेवी त्यांच्यापाशी होत्या. त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली यांना मागे ठेवले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ठेव सुरक्षित ठेवणे हा अमानतीचा अर्धा भाग झाला. ती पुरती, वेळेवर आणि बरोबर त्याच माणसाच्या हाती पोहोचविणे हा उरलेला अर्धा. मुलाचे नाव, त्याची जन्मतारीख, त्याच्या घरची गरिबी ही आपल्यापाशी त्याची ठेव आहे.

मात्र याचा दुसरा टोकाचा अर्थ कोणी काढू नये. अमानत म्हणून फाईल इतकी बंदिस्त करावयाची की खुद्द मालकालाच मिळू नये, हाही अन्यायच. दाखल्यासाठी आईला तीन वेळा शाळेत बोलाविणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. कुलूप असे हवे की चोराला उघडू नये आणि मालकाला अडवू नये. डिजिलॉकरची योजना २०१५ साली सुरू झाली, तिच्यात ही युक्ती आहे. गुणपत्रक देणारी संस्था आपली प्रत आपल्यापाशी ठेवते. विद्यार्थी आपली ओळख पटवून हवे तेव्हा ते मागून घेतो. मधल्या हातांची गरजच उरत नाही. आपल्या पोर्टलवरही पालकाला स्वतःच्या मुलाचे कागद स्वतः उतरवून घेता आले पाहिजेत. आणि ज्या घरी तसा मोबाईल नाही, त्यांच्यासाठी कार्यालयात छापील प्रत विनातक्रार मिळाली पाहिजे. यंत्र आले म्हणून खिडकी बंद करू नये.

फाईल उतरल्यावरची जबाबदारी मात्र आपली, पोर्टलची नव्हे. सायबर कॅफेत किंवा शाळेच्या सामायिक संगणकावर उतरविलेली फाईल तेथेच पडून राहते आणि पुढच्या माणसाला दिसते. काम झाल्यावर ती पुसणे व पोर्टलमधून बाहेर पडणे, ही सवय आपण स्वतःला आणि मुलांनाही लावली पाहिजे. वर्ग सोडताना फळा पुसावा, तसे.

अध्यक्ष महाशय, विश्वस्त मंडळींपुढे मी नम्रपणे तीन सूचना ठेवतो. पहिली, पोर्टलचा करार करण्यापूर्वी दोन कारकून, दोन वर्गशिक्षक आणि दोन पालक यांची एक लहान समिती नेमावी आणि कोणाला कोणती फाईल, कोणत्या रूपात, कोणत्या रकान्यांसह हवी याची यादी तिने करावी. पालकांपैकी एक तरी माता असावी, कारण दाखल्यासाठी शाळेत बहुधा तीच येते. दुसरी, पोर्टल ताब्यात घेण्यापूर्वी त्याची परीक्षा शहरातील कार्यालयात न घेता, आपल्या सर्वांत दूरच्या शाखेतील सर्वांत जुन्या संगणकावर आणि एखाद्या पालकाच्या साध्या मोबाईलवर घ्यावी. तिसरी, जकात व मदतीच्या याद्या पोर्टलवर स्वतंत्र ठेवाव्यात, त्या फार तर दोन माणसांना दिसाव्यात, आणि कोणत्याही कारणाने त्या गटावर टाकल्या जाऊ नयेत असा ठराव संस्थेने करावा. पहिल्या दोन सूचनांना थोडा वेळ लागेल. तिसरीला पैसाही लागत नाही आणि अभियंताही लागत नाही. ती आजच्या बैठकीतही होऊ शकेल.

आपल्या संस्थेची ओळख इमारतींवरून होते, निकालावरून होते. पण एखादी विधवा आई घरी बसून आपल्या मुलीचा दाखला तिच्या मोबाईलवर उघडील, त्यातले नाव बरोबर असेल, तारीख बरोबर असेल, आणि त्या मुलीची फी कोणी भरली हे शेजारच्या घरात कोणाला ठाऊक नसेल, तेव्हा त्या आईच्या मनात या संस्थेविषयी जे येईल, ती ओळखही कमी मोलाची नाही.